बक या शब्दाचा मालक

कॉपर बेंडमध्ये कुणाची जमीन होती, कुणाच्या बोटी होत्या, आणि वेंडेल ट्रेव्हॅरोच्या मालकीचा एक शब्द होता. शब्द तसा अख्ख्या अमेरिकेचा. नर हरणाला म्हणतात तो, डॉलरला म्हणतात तो, पाठीवरच्या स्वाराला फेकून देणाऱ्या घोड्याच्या उडीलाही म्हणतात तो: बक. पण दुसऱ्या कुणी हा शब्द उच्चारला की वेंडेलच्या चेहऱ्यावर, आपल्या अंगणातून कुणी न विचारता चालत गेल्यासारखा भाव यायचा. मराठीत हाच शब्द दोनदा म्हटला की जे होतं, ते हा माणूस साठी उलटेपर्यंत अखंड करत आला होता.

तीस वर्षं तो गावातल्या एकुलत्या एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभा होता. गिऱ्हाईक लाकडं कापायची घोडी मागायला आलं की ती खाली काढायच्या आधी तो विचारायचा, "हिला बक का म्हणतात, ठाऊक आहे?" ठाऊक नसायचं. ठाऊक असायचं काही कारणही नसायचं. माणसाची लाकडं तिकडे बर्फात भिजत पडलेली. मग वेंडेल दोन्ही कोपरं काउंटरवर टेकायचा. डच लोकांनी या घोडीला बोकड म्हटलं, कारण तिचे पाय शिंगांसारखे वर आलेले. पायांची झाली फुली. फुली म्हणजे रोमन दहा. म्हणून दहाच्या नोटेलाही तेच नाव पडलं. "कळलं? म्हणजे तू मला एक बक देऊन दुसरा बक नेतोयस!" आणि हसायचा. त्या हसण्यात तो एकटाच असायचा.

यातलं बरंचसं खरं होतं. वैताग होता तो हाच. वेंडेल निव्वळ थापाड्या असता तर गावाने त्याला हसून सोडून दिलं असतं. पण त्याच्या दहांतल्या सहा गोष्टी खऱ्या निघायच्या, आणि उरलेल्या चार कुठल्या ते कुणाला सांगता यायचं नाही, त्याला स्वतःलाही नाही. विद्येचा उगम म्हणाल तर लायब्ररीच्या भंगारविक्रीत मिळालेला जाडजूड कोश. तोही पहिलाच खंड. दुसरा त्याच्या आधी कुणीतरी दार अडवायला घेऊन गेलं होतं. त्यामुळे वेंडेलचा व्यासंग वर्णमालेच्या मध्यावर येऊन थांबायचा आणि पुढच्या निम्म्या भाषेबद्दल तो तुच्छतेने गप्प राहायचा. गाव त्याला प्रोफेसर म्हणायचं. त्याला तो मान वाटायचा.

दुकानात त्याच्यापासून पळता तरी यायचं. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला पळता यायचं नाही, कारण त्या दिवशी त्याच्या हाती माइक असायचा.

त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो. शाळा बंद, गिरणी बंद, आणि ज्याला खरोखरच आजारी पडायचंय त्याने दुसरा दिवस बघावा. दुपारपासून पिकअप गाड्या अग्निशमन दलाच्या शेडसमोर येऊ लागतात. तिथं दोन खांबांवर एक आडवं खोड टाकलेलं असतं; गाव त्या सगळ्यालाच खांब म्हणतं. त्याला ज्याने त्याने आपला बक टांगायचा. वजन होतं, शिंगांची टोकं मोजली जातात, आणि मग मारणारा माइकपाशी येऊन चार वाक्यं बोलतो: कुठं बसलो होतो, कसा आला, गोळी कुठं लागली, किती पळाला. बस्स. मिशिगनच्या या उत्तर टोकाला, मैलोन्‌मैल झाडांशिवाय काही नाही अशा जागी, ही चार वाक्यं म्हणजे वर्षभराचं साहित्य. एरवी बायकोशीही हुंकाराने बोलणारे बाप्ये इथं घसा खाकरून उभे राहतात, आणि लोक ऐकायला टोप्या कानांवरून वर करतात.

दोन गाड्यांच्या मधली रिकामी वेळ भरायला म्हणून कधीकाळी कुणीतरी वेंडेलच्या हाती माइक दिला. देणारा वारला. माइक काही सुटला नाही.

"मंडळी, बक!" अशी त्याची सुरुवात असायची. "आपल्या पूर्वजांकडे दोन वेगवेगळे शब्द होते. एक बोकडाचा, एक हरणाचा. दोघं शेजारी शेजारी राहिले आणि एक झाले, लग्न झालेल्या माणसांसारखे!" इथं तो बायकोकडे, मार्लिसकडे, बघून डोळा मारायचा. मार्लिस तिकडे चर्चच्या टेबलावर पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या जाड करंज्या, विकत असायची. ती सुट्टे पैसे शोधण्यात गर्क व्हायची. "आता डॉलरला बक का? कारण रानात नाणी कुठली? व्यापारी हरणाची कातडी मोजायचे. एक कातडं, एक बक. आणि जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली की आपण म्हणतो, बक पुढे सरकवला. का? पत्त्यांच्या डावात ज्याची पाळी त्याच्यासमोर हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू ठेवायचे..." पुढे जुन्या काळी राखेच्या पाण्यात कपडे भिजवण्यालाही बक म्हणत, ते. पुढे नटव्या तरुणाला म्हणत, ते. मग इंग्रजीत उघड्यानागड्या माणसालाही बक का जोडतात ते, ज्याचं कारण दर वर्षी नवं असायचं. लोक पाय आपटत उभे राहायचे. थंडीने आपटतात की रागाने, हे नोव्हेंबरात कळायला मार्ग नसतो.

गेल्या वर्षी मात्र अती झालं. इर्मा निएमी, वय ऐंशीला टेकलेलं, हिने नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याची रायफल उचलली आणि बारा टोकांचा बक आणला. असा बक त्या खांबाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बाई शिंग धरून उभी. चार वाक्यं तिने बहुधा गाडीत पाठ करून आणलेली. आणि वेंडेलला नेमका त्याच वेळी कपडे धुण्याचा अर्थ आठवला. "इर्माबाईंना हे आवडेल, बायकांचा विषय आहे," असं म्हणून तो जो सुटला तो लोकांची जेवणाची वेळ होऊन गर्दी पांगली तरी राखेतून बाहेर आला नाही. अखेर इर्माने आपली चार वाक्यं वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या एका माणसाला सांगितली आणि घरी गेली.

त्याचा जाब यंदा ऑक्टोबरात आला, आणि तो घेऊन आला मार्लिसचा भाऊ रे कांगस. हा रे अग्निशमन दलाचा प्रमुख. बोलायला काटकसरी, खायला नाही. मार्लिसच्या स्वयंपाकघरात दुसरी पास्टी संपवून, बोटं पुसत तो म्हणाला, "प्रोफेसर, यंदा हंगामाच्या समितीने एक नियम केलाय."

"नियम! आता हा शब्द बघ—"

"शब्द राहू दे. नियम ऐक. ज्याने खांबाला एकदा तरी बक टांगलाय, त्याच्याच हाती माइक."

वेंडेल हसला. मग हसू ओसरलं. "मी चाळीस वर्षं शिकार करतोय, रे."

"बसतोयस चाळीस वर्षं. टांगलंस काय? टोपी."

"समितीत कुणी कुणी हात वर केला?"

"सगळ्यांनी. बॉब तर झोपला होता, त्याचाही हात वर होता."

"मार्लिस, ऐकतेस का? तुझा भाऊ माझ्या तोंडाला कुलूप घालायला निघालाय."

मार्लिसने भांडं घासता घासता मान न वळवता विचारलं, "किल्ली कुणाकडे राहणार आहे?"

रे उठला. दारात टोपी घालता घालता म्हणाला, "पंधरा तारखेला अंधार पडायच्या आत. छोटासुद्धा चालेल. डोक्यावर दोन काटे असले तरी आम्ही त्याला बक म्हणू. बघ, आम्ही शब्दाच्या बाबतीत किती मोठ्या मनाचे आहोत."

वेंडेलला त्या रात्री झोप लागली नाही, असं तो पुढे सांगत फिरला. मार्लिसच्या म्हणण्याप्रमाणे तो घोरला. पण माइक गेला तर काय उरतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. दुकानातून निवृत्त झाल्यापासून त्याचं कुणी ऐकत नव्हतं. डायनरमध्ये तो बसला की शेजारची स्टुलं आपोआप रिकामी व्हायची. घरात मार्लिस त्याचं बोलणं फ्रिजच्या घरघरीसारखं ऐकायची, म्हणजे बंद पडलं तरच लक्ष जावं. वर्षातला तो एकच दिवस लोक त्याच्यासमोर उभे असायचे, जाऊ शकत नसायचे, आणि याला तो प्रेम समजत होता.

*

चाळीस वर्षांत बक न मिळायचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रानात लपणीत, म्हणजे शिकाऱ्याच्या आडोशात, बसायचं म्हणजे तोंड मिटायचं. वेंडेलची लपण चांगली होती, जागा सासऱ्याने दाखवलेली होती, समोर गाजरांचा ढीग ओतलेला असायचा. पण आत बसलेला माणूस पुटपुटायचा. पहाटे उजाडू लागलं की त्याला एखाद्या शब्दाचं मूळ सुचायचं आणि ते तो हलक्या आवाजात स्वतःला समजावून सांगायचा. हरणांना कान असतात. गाजरं ती रात्री येऊन खाऊन जायची.

यंदा त्याने शपथ घेतली. पंधराच्या पहाटे अंधारात जाऊन बसला, मफलर तोंडावर घट्ट गुंडाळला. उजाडलं. दूरवर इतरांच्या बंदुका वाजू लागल्या. प्रत्येक बार म्हणजे कुणाची तरी चार वाक्यं तयार झाली. एक मादी आली, गाजर खाल्लं, लपणीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि शेपूट न उचलता, म्हणजे अजिबात न घाबरता, सावकाश निघून गेली. तेवढ्यानेच वेंडेलचा संयम सुटला. बकची मादी ती डो. पण इंग्रजीत कणकेलाही डो म्हणतात आणि बोलताना पैशालाही कणीक म्हणतात, म्हणजे नर काय आणि मादी काय, दोन्ही वाटा पैशापाशीच जातात! केवढा हा शोध! तो मफलरच्या आत हे स्वतःला सांगू लागला, आणि डाव्या हाताला झुडपात जे काही येत होतं ते आल्या पावली परत गेलं. फक्त फांदी हललेली त्याला दिसली.

दुपार झाली. फोन थरथरला. मार्लिस.

"वेंडेल, मी खाडीच्या वळणावर आहे. पास्टी घेऊन चर्चच्या टेबलाकडे निघाले होते. हरीण आडवं आलं. गाडीला धडकलं."

"काय होतं?"

"मला काही झालं नाही. छाती जरा दुखतेय पट्ट्याने. डावा दिवा फुटला, पुढचं पत्र्याचं नाक आत—"

"मार्लिस! काय होतं? नर की मादी?"

पलीकडे काचेचा चुरा झटकल्याचा आवाज आला. मग तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं, "नर."

"टोकं किती?"

पस्तीस वर्षांच्या संसारात मार्लिसने बरंच काही ऐकून घेतलं होतं. लग्नाच्या रात्री तिने लग्न या शब्दाचा इतिहास ऐकला होता. पण त्या वळणावर, अंगावर काचेचा चुरा, मांडीवर उलटलेला पास्टीचा ट्रे, अशा अवस्थेत तिने रस्त्याकडे पाहिलं, मोजलं आणि म्हणाली, "आठ."

लपणीपासून पिकअपपर्यंत तो धावत गेला आणि वळणावर पोचला. आयुष्यात प्रथमच धावला असावा. बक रस्त्याच्या कडेला खंदकात पडला होता, मेलेला. देखणा, जाड मानेचा. वेंडेल त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि शिंगांवरून हात फिरवू लागला. मार्लिसला क्षणभर वाटलं, आता हा विचारेल, तुला लागलं का. त्याने विचारलं, "कुणी पाहिलं?"

"कशाला?"

"कुणी पाहिलं का, एवढंच सांग."

"कुणी नाही. मी वनखात्याला फोन लावते. धडकेतल्या हरणाचा परवाना घेऊ, मांस तरी घरी येईल."

"अजिबात नाही!" तो उठला, आपल्या पिकअपकडे गेला, रायफल घेऊन आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि दोन हातांवरून त्या मेलेल्या जनावराच्या बरगडीत गोळी घातली.

कावळे उडाले. मार्लिस म्हणाली, "मेलं नव्हतं का पुरेसं?"

"मी त्याला कायदेशीर केला," वेंडेल म्हणाला, आणि खिशातून परवान्याची, मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी काढून शिंगाला बांधू लागला. चाळीस वर्षं त्या चिठ्ठ्या दर डिसेंबरात चुलीत जात आल्या होत्या. गाठ कशी मारायची हेही त्याला ठाऊक नव्हतं.

बकचं पोट फाडून साफ करायची वेळ आली तेव्हा तर तो चाकू हातात धरून, एखादा अवघड उतारा समोर आल्यासारखा नुसता उभा राहिला. मार्लिस कांगसांच्या घरातली; हे काम तिने परकरात असल्यापासून केलेलं. मांस वाया जाताना तिला बघवेना. तिने बाह्या वर केल्या, चाकू घेतला आणि थोडक्यात काम उरकलं. बर्फाने हात पुसताना एकदाच म्हणाली, "डावी बाजू बघ. बरगड्यांचा भुगा झालाय. मागचा पाय मोडलाय. लोकांना कळणार."

"लोकांना काय कळतंय? ते टोकं मोजतात."

"मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आधीच सांगते."

"तुला कोण विचारायला बसलंय?" वेंडेल म्हणाला. ओरडून नाही, अगदी खरं वाटत असल्यासारखं म्हणाला. मग बक पिकअपमध्ये चढवायला तिचीच मदत घेतली, आणि निघताना काच खाली करून सांगितलं, "तुझी गाडी शेडच्या मागच्या बाजूला लाव हां. समोर नको."

*

शेडसमोर तोवर खांब अर्धा भरला होता. नारिंगी जाकिटांची गर्दी, कॉफीचा वाफारा, पास्टीवर केचप घालावा की ग्रेव्ही यावर दर वर्षीचं भांडण. वेंडेलची गाडी आत आली आणि मागे बक दिसला तेव्हा भांडण थांबलं.

"प्रोफेसरने मारला!"

"बोलून मारला असेल. कंटाळून मेला."

वेंडेलने हे कौतुकात जमा केलं. छाती काढून उतरला. रे कांगसने दोर टाकला, दोघांनी मिळून बक वर खेचला, आणि तो लटकता लटकता हळूच गोल फिरून आपली डावी बाजू सगळ्या गावाला दाखवून स्थिर झाला.

त्या गावात फार शिकलेली माणसं नाहीत. पण मेलेल्या हरणाबद्दल त्यांना सांगायला जाऊ नये. एकेक जण कॉफीचा पेला घेऊन आला, बघितलं आणि बाजूला झाला. कुणी बरगड्यांवर तळवा ठेवला. त्या पोत्यातल्या अक्रोडांसारख्या वाजल्या. कुणी मागचा पाय हलवला. तो नको तिथं वाकला. रे गोळीच्या भोकापाशी गेला, हातमोजा काढला, भोकाभोवतीचे केस बोटाने विंचरले आणि बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं. जित्या जनावराला गोळी लागली की रक्त येतं; मेलेल्याला लागली की फक्त भोक पडतं. हे तिथल्या लोकांना शाळेच्या आधी कळतं.

रेने माइक आणून वेंडेलच्या हातात दिला. "नियम म्हणजे नियम. टांगलास. आता तुझी चार वाक्यं सांग."

सगळे पुढे सरकले. इतके लोक आणि इतके गप्प, असं वेंडेलने त्या जागी कधी पाहिलं नव्हतं. त्याला भरून आलं.

"मंडळी! मी लपणीत बसलो होतो—"

"गप्प?" मागून कुणीतरी विचारलं.

"अगदी गप्प. आणि हा आला. उजवीकडून. म्हणजे... डावीकडून. दिमाखात आला."

"गोळी लागल्यावर किती पळाला रे?"

"पळाला? नाही. जागच्या जागी."

"मग पाय कसा मोडला?"

"उंचावरून खाली पडला ना! टेकाडावरून."

गर्दीत खसखस पिकली. "आपल्याकडे टेकाड कुठलं, प्रोफेसर? गावातली उंच जागा म्हणजे कचऱ्याचा डेपो."

"रक्त नाही आलं ते?" दुसरा म्हणाला. "बक भलताच सोशिक दिसतोय."

"लाजाळू असेल. इतक्या लोकांत रक्त काढायला लाजला."

वेंडेलने माइक तोंडाच्या आणखी जवळ धरला. त्याला वाटलं, जमीन सरकतेय. आणि अशा वेळी माणूस जे हाताला लागेल ते धरतो. त्याने शब्द धरला. "मंडळी, मुळात आपण बक म्हणतो तेव्हा काय म्हणतो? आपल्या पूर्वजांकडे दोन शब्द होते. एक बोकडाचा—"

"ए, वेंडेल."

आवाज बारीक होता पण सगळ्यांनी ऐकला. इर्मा निएमी घडीच्या खुर्चीत, पायांवर घोंगडी घेऊन बसली होती. यंदा तिने शिकार केली नव्हती. गुडघ्यांनी साथ सोडली होती. "बकचं कळलं रे आम्हाला. गेल्या वर्षी मी उभी राहून सगळं ऐकलंय. शब्द कुठून आला ते राहू दे. हा बक कुठून आला ते सांग."

वेंडेलने तोंड उघडलं. बोकड, हरीण, कातडी, चाकू, घोडी, राख, सगळे अर्थ जिभेच्या टोकावर येऊन ताटकळले, आणि त्यांतला एकही त्या लटकलेल्या जनावराला लागू पडेना. माइकमधून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात पास्टीच्या टेबलाकडून मार्लिस आली. येताना तिने गाडी कुठं लावलीय हे सगळ्यांनी आधीच पाहिलं होतं: शेडच्या अगदी समोर, फुटक्या दिव्याचं तोंड गर्दीकडे करून, जाळीत हरणाचे केस अडकलेले. अॅप्रनला हात पुसत ती नवऱ्यापाशी उभी राहिली आणि त्याच्या हातातून माइक, ताटातून चमचा उचलावा तसा, उचलून घेतला. त्याने सोडलाही. त्या क्षणी त्याला तो जडच झाला असावा.

"खाडीच्या वळणावर मी गाडीत होते," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला, म्हणून तिने माइक जरा लांब धरला. "डावीकडून आला. माझ्या डाव्या दिव्याला लागला. पळाला नाही." तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "झाली चार."

आधी कुणी हसलं नाही. लोकांनी टोप्या कानांवरून वर केलेल्या होत्या, त्या तशाच होत्या. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि शेडचा पत्रा हादरेपर्यंत सगळ्यांनी वाजवली.

"आणि बरगडीतली गोळी?" कुणीतरी ओरडलं.

"ती घरच्यांकडून आहेर," मार्लिस म्हणाली.

वेंडेल भानावर आला. "हे नियमात बसत नाही! रे, नियम काय होता? टांगलेला बक! टांगला मी. चिठ्ठी माझी. आणि शिकार या शब्दाचा मूळ अर्थ बघितलास तर—"

"नियम असा होता," रे सावकाश म्हणाला, "ज्याचा बक खांबावर त्याच्या हाती माइक. बंदुकीनेच आणला पाहिजे असं काही ठरलं नव्हतं. बॉब, ठरलं होतं का?"

"मी झोपलो होतो," बॉब म्हणाला. "पण माझा हात वर समज."

"मग माइक मार्लिसकडे. ही चिठ्ठी वनखात्याच्या माणसाने पाहिली तर दंड होईल. तो कॉफी प्यायला गेलाय. तो यायच्या आत हा खाली उतरवू आणि परवान्याचा फोन लावू. प्रोफेसर, मागचे पाय धर."

"म्हणजे माझ्याकडून काढून घेता?"

"तुझ्याकडे होता कधी?" रे म्हणाला. "तुझ्याकडे नुसता आवाज होता."

मार्लिसने घसा साफ केला. तिला बोलायची हौस नव्हती. म्हणूनच ते सोपं गेलं. कागदावरचं वाचावं तशी ती खांबावरचे बक एकेक वाचत गेली: नाव, वजन, टोकं. नाव चुकलं तर मालकाने ओरडून दुरुस्त केलं. दोन गाड्यांच्या मध्ये ती काहीच बोलली नाही. त्या रिकाम्या वेळात लोकांना आपापसात बोलता आलं, आणि कित्येकांच्या लक्षात आलं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आपण या जागी आजवर कधी बोललोच नव्हतो. मध्येच ती इर्माकडे वळली आणि म्हणाली, "इर्माबाई, तुमची गेल्या वर्षीची राहिली होती. सांगता का?" बाई खुर्चीतूनच बोलल्या. चारच्या जागी सहा वाक्यं झाली. कुणी मोजली नाहीत.

वेंडेलने बकचे मागचे पाय धरले होते. रेने दोर सैल केला तसं सगळं वजन त्याच्या हातांवर आलं आणि तो खांबाखाली, जनावराला मिठी मारल्यासारखा अडकला. समोर एक बाहेरगावचं जोडपं उभं होतं, विस्कॉन्सिनच्या पाटीची गाडी घेऊन आलेलं; त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं.

"हा बक," त्याने सुरुवात केली, धापा टाकत. "याचा खरा अर्थ काय ते इथं कुणालाच माहीत नाही. आपल्या पूर्वजांकडे दोन शब्द होते—"

"हो का?" बाई सभ्यपणे म्हणाली, आणि नवऱ्याच्या कोपराला तिने आपलं कोपर लावलं.

भोंग्यातून मार्लिसचा आवाज आला, "पुढचा. रौटिओ, सहा टोकं." मग जरा थांबून, अनोळखी माणसाला सांगावं इतक्या अदबीने, "आणि खांबाखालचे गृहस्थ, जरा बाजूला होता का? मागे गाडी येतेय."